१०,७५२ कार्डं, त्यात २७ ग्रेट्स्की

आधी आकडे. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज या लिलावगृहात पुठ्ठ्याच्या एका पेटीवर ३७ लाख २० हजार डॉलरची बोली लागली. तेव्हाच्या दराने जवळपास ३१ कोटी रुपये. पेटी सापडली कॅनडातल्या रेजायना शहरातल्या एका घरात. ती १९७९-८०च्या हंगामातली होती आणि तेव्हापासून कुणी उघडलीच नव्हती. आत १६ खोके, खोक्यात ४८ पाकिटं, पाकिटात १४ हॉकी कार्डं. म्हणजे ७६८ पाकिटं आणि १०,७५२ कार्डं.

सरळ भागाकार केला तर एक पाकीट ४,८४४ डॉलरला पडलं आणि एक कार्ड ३४६ डॉलरला. पण असा भागाकार करून कुणी बोली लावत नाही. ओ-पी-ची या कॅनेडियन कंपनीच्या त्या वर्षीच्या संचात ३९६ वेगवेगळी कार्डं होती. बोली लागली ती त्यातल्या १८ क्रमांकाच्या कार्डासाठी. निळ्या किनारीचं, एडमंटन ऑइलर्सच्या पोशाखातल्या वेन ग्रेट्स्कीचं कार्ड. १०,७५२ला ३९६ने भागलं की उत्तर येतं २७.१५. पेटीत साधारण २७ ग्रेट्स्की असावेत, या हिशोबाने एका ग्रेट्स्कीला १ लाख ३७ हजार डॉलर मोजले गेले. हे २७ म्हणजे निव्वळ सरासरी. कार्डं छापखान्यातून एका ठरावीक क्रमाने पाकिटांत जातात, त्यामुळे खरा आकडा २० असेल किंवा ३५ही. आणि तो मोजायचा तर पेटी फोडावी लागेल. फोडली की ती न उघडलेली पेटी राहत नाही.

ही हॉकी बर्फावरची. ध्यानचंद आणि धनराज पिल्ले यांच्या हॉकीशी तिचं नाव सोडून फारसं नातं नाही. तरी या कार्डांच्या बाजारात डोकावण्यासारखं बरंच आहे. कार्डाची किंमत त्यावरच्या खेळाडूच्या थोरवीने ठरते असं वरवर वाटतं. थोरवी लागतेच, पण भाव ठरवतात तीन रुक्ष आकडे: किती छापली, किती टिकली आणि टिकलेल्यांपैकी किती सरळ कापलेली निघाली. गेल्या शतकाहून अधिक काळात या तीन आकड्यांपैकी कधी एक, कधी दुसरा वरचढ ठरत आला आहे.

सुरुवात एनएचएलच्याही आधीची. नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली १९१७मध्ये, पण पहिला संच निघाला १९१०-११च्या हिवाळ्यात. काढणारी कंपनी होती इम्पीरियल टोबॅको, कार्डं होती सिगारेटच्या पाकिटात, संख्या ३६. पुढच्या वर्षी ४५, त्याच्या पुढच्या वर्षी ५०. तीन हंगामांत मिळून १३१ कार्डं, की संपलं. मग युद्ध आलं आणि सिगारेटबरोबर हॉकीपटू वाटायची पद्धत जवळपास बंद पडली. सिगारेट ओढणारा बाप आणि कार्ड मागणारा मुलगा, अशी ती गिऱ्हाइकांची जोडी. या कार्डांत जॉर्ज व्हेझिना आहे, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक. तो १९२६मध्ये क्षयाने गेला. एनएचएलच्या सर्वोत्तम गोलरक्षकाला आजही त्याच्याच नावाचा करंडक देतात.

जुन्या संचांना संग्राहक सी-५५, सी-५६ असे क्रमांक लावतात. ही पद्धत जेफरसन बर्डिक या अमेरिकी संग्राहकाची. कॅनडातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘सी’, मिठाई आणि गमच्या कार्डांना ‘व्ही’. बर्डिकने तीन लाखांहून जास्त छापील चिटोरी जमवली आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली. विकली नाहीत, हे आजच्या बाजारात मुद्दाम सांगावं लागतं.

तंबाखूनंतर आली मिठाई, आणि तिच्याबरोबर पहिली ठरवून केलेली लबाडी. ऑन्टारिओतल्या ब्रॅन्टफर्ड गावात विल्यम पॅटरसन नावाची मिठाईची कंपनी होती. तिने १९२३-२४मध्ये ४० कार्डांचा संच काढला. पूर्ण संच आणून देणाऱ्याला बक्षीस. आता हिशोब पाहा. ४० कार्डं सारख्याच संख्येने छापली असतील आणि दर वेळी एकच कार्ड नशिबाने हाती येत असेल, तर ती सगळी जमायला सरासरी १७१ कार्डं घ्यावी लागतात. चिकाटीच्या मुलाला हे जमण्यासारखं होतं, आणि तसं झालं असतं तर कंपनीचा बक्षिसांवरचा खर्च वाढला असता. म्हणून २५ क्रमांकाचं कार्ड जेमतेम छापलं. त्यावर होता बर्ट कॉर्बो, टोरोंटोचा बचावपटू. तो काही त्या काळचा सर्वांत मोठा तारा नव्हता. पण आज त्याची कार्डं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्याच संचात हाऊई मोरेन्झ आहे, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला बहुधा सर्वांत लोकप्रिय हॉकीपटू, आणि त्याचं कार्ड कॉर्बोच्या तुलनेत कितीतरी सहज मिळतं. छापखान्यातला आकडा खेळाच्या मैदानातल्या आकड्यावर मात करतो, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. ही युक्ती एकट्या पॅटरसनची नव्हती. पुढच्याच वर्षी मेपल क्रिस्पेट मिठाईच्या ३० कार्डांच्या संचात स्प्रेग क्लेगहॉर्न असाच दुर्मीळ केला गेला. योगायोग असा, की ज्या ब्रॅन्टफर्डमध्ये पॅटरसनची मिठाई व्हायची, तिथेच १९६१मध्ये वेन ग्रेट्स्की जन्मला.

१९३०च्या दशकात गमच्या कंपन्या आल्या. लंडन, ऑन्टारिओची ओ-पी-ची त्यातलीच. एक प्रामाणिक योजनाही होती. मक्याच्या पाकाचा बीहाइव्ह नावाचा डबा विकणारी सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनी डब्यावरचं कागदी कडं पोस्टाने पाठवलं की मागाल त्या खेळाडूचा फोटो धाडायची. नशिबाचा प्रश्नच नाही. हे १९३४पासून १९६७पर्यंत चाललं. कारखाना पोर्ट क्रेडिटला होता. हा भाग आता मिसिसागा शहरात येतो, जिथे आज बरीच मराठी कुटुंबं राहतात. दुसऱ्या महायुद्धात गमची कार्डं थांबली, ती जवळपास दहा वर्षं.

या खंडामुळे १९५१-५२चा पार्कहर्स्ट संच विलक्षण झाला. टोरोंटोच्या पार्कहर्स्ट कंपनीने सहा संघांची मिळून १०५ कार्डं काढली. लांबी अडीच इंच, रुंदी पावणेदोन, म्हणजे आजच्या कार्डाच्या निम्मी. दहा वर्षांत कार्डच निघालं नव्हतं, त्यामुळे त्या पिढीतल्या झाडून सगळ्यांचं हे पहिलंच. मॉरिस रिशार १९४२पासून खेळत होता, त्याचं ‘रुकी कार्ड’ नऊ वर्षं उशिरा निघालं. गॉर्डी हाऊ १९४६पासून खेळत होता, त्याचं पाच वर्षं उशिरा. क्रमांक अनुक्रमे ४ आणि ६६. रिशार तोवर एका हंगामात ५० गोल करणारा पहिला खेळाडू होऊन बसला होता. त्याला नवखा म्हणणं हास्यास्पद, पण संग्राहकांचा नियम नियम असतो.

पार्कहर्स्टची एक गोष्ट संग्राहक नेहमी सांगतात. कापलेली कार्डं पाकिटांत भरण्याआधी मिसळायला हवीत, नाहीतर एकाच खोक्यात एकच खेळाडू पुन्हा पुन्हा यायचा. त्यासाठी म्हणे सिमेंट कालवायच्या मिक्सरमध्ये ती घातली आणि फिरवली. असं असेल तर मुलाच्या हाती पडायच्या आधीच कार्डाचे चार कोपरे वाकले होते. या संचातली धारदार कोपऱ्यांची कार्डं इतकी कमी का, त्याचं हे कारण पटण्यासारखं आहे. टिकण्याचा आकडा इथे कारखान्यातच घसरला.

याच संचातलं ५२ क्रमांकाचं कार्ड कुणा एका खेळाडूचं नाही, एका क्षणाचं आहे. एप्रिल १९५१मध्ये बिल बॅरिल्कोने जादा वेळेत गोल मारून टोरोंटोला स्टॅन्ली कप मिळवून दिला, तो क्षण. चार महिन्यांनी बॅरिल्को मासेमारीला गेला आणि विमानासकट नाहीसा झाला. अवशेष सापडले १९६२च्या जूनमध्ये. मधल्या ११ वर्षांत टोरोंटोला कप मिळाला नव्हता, तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिळाला. कार्ड बाजारात आलं तेव्हा तो बेपत्ता होता, एवढीच माहिती मुलांना होती.

पुढच्या काळात संघांची वाटणी होत गेली. १९५४-५५मध्ये अमेरिकेच्या टॉप्स कंपनीने चार अमेरिकी संघांची ६० कार्डं काढली, कॅनडाचे दोन संघ पुढे पार्कहर्स्टकडे राहिले. १९५८-५९च्या टॉप्स संचात बॉबी हल सर्वांत शेवटी, ६६व्या क्रमांकावर आहे. रबर बँड लावून गठ्ठा ठेवला की सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं कार्ड आधी खराब होतं. म्हणून हलचं चांगलं कार्ड दुर्मीळ. १९६३-६४नंतर पार्कहर्स्ट गेली, आणि १९६६-६७मध्ये टॉप्सने लाकडी चौकटीच्या टीव्हीत बसवलेला बॉबी ऑर काढला, क्रमांक ३५. त्यानंतर दोन दशकं टॉप्स आणि तिच्या परवान्यावर चालणारी ओ-पी-ची यांचंच राज्य होतं.

आता त्या ३९६च्या संचाकडे येऊ. सगळी कार्डं सारख्या संख्येने छापलेली आहेत असं धरू. एकट्या मुलाला संच पुरा करायला सरासरी सुमारे २,६०० कार्डं लागतात. म्हणजे १८६ पाकिटं, जवळपास चार खोके. पहिली दोनशे भराभर जमतात. शेवटच्या दहा-पंधरांसाठी अख्खा हिवाळा जातो. आपल्याकडे काडेपेट्यांचे छाप किंवा डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं जमवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मात्र दहा मुलांनी एकत्र येऊन जास्तीची कार्डं आपसात बदलली, तर दहा पूर्ण संचांना मिळून साधारण ८,८०० कार्डं पुरतात. डोई ८८०, म्हणजे एकट्याच्या खर्चाचा तिसरा हिस्सा. शाळेच्या आवारातल्या अदलाबदलीला अर्थशास्त्र होतं ते असं. पण त्याच अदलाबदलीत कार्डाच्या कडा झिजत होत्या. जी कार्डं जास्त हात फिरली तीच जास्त खराब झाली, आणि जास्त हात फिरतात ती आवडत्या खेळाडूंची.

ग्रेट्स्की त्या वर्षी नवा होता का, यावरही गंमत आहे. १९७८-७९मध्ये तो वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळला. ८० सामने, ४६ गोल, ११० गुण. ती लीग बुडाली आणि तिचे एडमंटन, विनिपेग, क्वेबेक, हार्टफर्ड हे चार संघ एनएचएलमध्ये आले. व्यावसायिक हॉकी आधीच खेळून झाली म्हणून एनएचएलने त्याला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार नाकारला. एनएचएलमधल्या त्या पहिल्या हंगामात त्याने १३७ गुण मिळवले होते, तरीही. लीगच्या लेखी तो नवोदित नव्हता. संग्राहकांच्या लेखी मात्र १९७९-८०चं कार्ड हेच रुकी कार्ड, आणि बाजार संग्राहकांचं ऐकतो. पुढे निवृत्त होईपर्यंत त्याने ८९४ गोल केले. हा विक्रम अलेक्झांडर ओव्हेचकिनने मोडला तो थेट ६ एप्रिल २०२५ला.

तेच छायाचित्र, तोच १८ क्रमांक अमेरिकेत टॉप्सनेही छापला, २६४च्या संचात. पण ओ-पी-चीचं कार्ड कितीतरी महाग जातं. याला घरचा अभिमान कारण आहेच, पण मोठं कारण कात्री. ओ-पी-ची छापील ताव तारेने कापायची, त्यामुळे कड फाटल्यासारखी, तंतू सुटलेली निघायची. त्यात किनार गडद निळी. निळ्या किनारीवर पांढरा पुठ्ठा केसाएवढा उघडा पडला तरी दिसतो. पीएसए ही कंपनी कार्डांना १ ते १० गुण देते. हजारो ओ-पी-ची ग्रेट्स्की तिच्याकडे तपासणीला गेले, त्यातल्या १० गुणांच्या प्रती फक्त दोन.

या १० गुणांच्या कार्डाचे भाव असे चढले. २०११मध्ये ९४,१६३ डॉलर. २०१६मध्ये ४ लाख ६५ हजार. डिसेंबर २०२०मध्ये १२ लाख ९० हजार, आणि दहा लाख डॉलर ओलांडणारं ते पहिलं हॉकी कार्ड ठरलं. मे २०२१मध्ये ३७ लाख ५० हजार. दहा वर्षांत चाळीस पट, आणि त्यातली जवळपास तिप्पट वाढ शेवटच्या पाच महिन्यांतली. टाळेबंदीत घरी बसलेले लोक, हाती आलेला पैसा आणि जुन्या दिवसांची ओढ, यांचा त्यात वाटा होता. ग्रेट्स्की त्या पाच महिन्यांत काही नव्याने थोर झाला नव्हता.

गुण देणाऱ्यांवर किती विसंबायचं? १९९१मध्ये ग्रेट्स्कीने आपल्या संघाचे मालक ब्रूस मॅक्नॉल यांच्यासह बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं जुनं सिगारेट कार्ड ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. नव्याने निघालेल्या पीएसएने गुण दिलेलं हे पहिलंच कार्ड, गुण ८. २०१३मध्ये ते पूर्वी विकणाऱ्या व्यापाऱ्याने न्यायालयात कबूल केलं की त्याने कार्डाच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला गुण द्यायचे नाहीत, हा या धंद्याचा पहिला नियम. तो पहिल्याच कार्डात मोडला गेला होता.

आणि मग १९९०. मागच्या, म्हणजे १९८९-९०च्या हंगामात मुख्य संच दोनच होते: टॉप्सचा १९८ कार्डांचा आणि ओ-पी-चीचा ३३० कार्डांचा. एकूण ५२८. पुढच्याच वर्षी टॉप्स ३९६, ओ-पी-ची ५२८, ओ-पी-ची प्रीमियर १३२, बोमन २६४, स्कोर ४४०, अपर डेक ५५०, प्रो सेट ७०५. बेरीज ३,०१५. टॉप्स आणि ओ-पी-चीत बरीच कार्डं सारखी होती हे लक्षात घेतलं तरी वाढ पाचपटीच्या आसपास. लीगमध्ये संघ होते २१. म्हणजे दर संघामागे जवळपास १४४ कार्डं, आणि मैदानात एका वेळी उतरतात सहा.

ऑगस्ट १९८८मध्ये ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला विकलं गेलं, त्यामुळे हॉकी कॅलिफोर्नियापर्यंत पोचली. त्याच सुमारास जुन्या बेसबॉल कार्डांचे भाव ऐकून मोठी माणसं कार्डांना बचतपत्रं समजू लागली. लोक पेटीच्या पेटी घेऊन माळ्यावर ठेवू लागले. प्रो सेटच्या कार्डांत चुका इतक्या होत्या की मधेच दुरुस्त करून पुन्हा छापायच्या, आणि मग चुकलेलं कार्ड हाही वेगळा माल व्हायचा. प्रो सेटने स्टॅन्ली कपचं होलोग्राम कार्ड मात्र मोजून ५,००० काढलं. बाकी किती छापलं याचा हिशोब कुणी दिला नाही, द्यायला कुणी लावलाही नाही. या मालाचं दुर्दैव असं, की तो सगळा टिकला. १९५१च्या मुलाने कार्ड खिशात घालून फिरवलं आणि आईने नंतर गठ्ठा फेकून दिला. १९९०च्या गुंतवणूकदाराने प्लॅस्टिकमध्ये घालून जपलं. त्या वर्षाचे न उघडलेले खोके आजही किरकोळ भावात मिळतात. ओ-पी-चीने १९९६मध्ये गोळ्या-मिठाईचा धंदा नेस्लेला विकला.

पुढचं वळण २००५चं. खेळाडू आणि मालकांच्या वादात २००४-०५चा अख्खा हंगाम बुडाला. तो वाद मिटल्यावर एनएचएलची कार्डं काढायचा परवाना एकट्या अपर डेककडे आला, आणि पहिल्याच वर्षी तिच्या पदरात सिडनी क्रॉस्बी व ओव्हेचकिन एकदमच पडले. नवोदितांच्या ‘यंग गन्स’ मालिकेत क्रॉस्बी २०१, ओव्हेचकिन ४४३. दहा वर्षांनी कॉनर मॅकडेव्हिडलाही २०१ क्रमांकच मिळाला.

मॅकडेव्हिडच्या वेळचं गणित असं. मालिकेत ५० नवोदित, चार पाकिटांमागे त्यातलं एक कार्ड. सगळे नवोदित सारख्या संख्येने छापले असं धरलं, तर ठरावीक एक मिळायला सरासरी २०० पाकिटं फोडावी लागतात. १९७९मध्ये ग्रेट्स्की मिळायला सरासरी २८ पाकिटं पुरत होती. पाकिटातून निघण्याच्या दृष्टीने मॅकडेव्हिड सातपट दुर्मीळ, आणि तरी त्याच्या यंग गन्स कार्डाला ग्रेट्स्कीच्या आसपासही भाव नाही. तो निघाल्या क्षणी प्लॅस्टिकच्या कवचात गेला, १० गुणांच्या प्रतींची रीघ लागली. म्हणून कंपनीने दुर्मीळपणा कार्डावरच छापायला घेतला. ‘द कप’ या महागड्या मालिकेत मॅकडेव्हिडची सही आणि जर्सीचा तुकडा असलेली कार्डं मोजून ९९, प्रत्येकावर क्रमांक. त्यातलं एक २०२०मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार डॉलरला गेलं.

त्यामुळे कॅनडातल्या कुणा नातेवाइकाच्या तळघरात जुना गठ्ठा सापडला, तर आधी वर्ष बघावं. १९९० ते १९९५मधला असेल तर मुलांना खेळायला द्यावा. १९७९-८०चा निळ्या किनारीचा असेल तर १८ क्रमांक काढावा आणि कड बोटाने नव्हे, भिंगाने तपासावी. मागे इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर असेल तर ते ओ-पी-ची. ओ-पी-चीची कड जराशी दातेरी असायला हवी. फार गुळगुळीत, सुरीने कापल्यासारखी सरळ दिसली तर विकत घेणारा पहिला प्रश्न विचारेल तो हाच, की ही कुणी कापली.